पुढचं सबमरिनर केव्हा? नव्या घड्याळाच्या अफवा वाचायला शिकताना

दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की घड्याळवेड्या लोकांच्या फोनवर तेच ते फोटो फिरायला लागतात. रोलेक्सचं निळ्या कड्याचं स्टीलचं सबमरिनर, टायटॅनियमचं सबमरिनर, एकदा तर चक्क भगव्या डायलचं. खाली मजकूर ठरलेला: "यंदा नक्की, आतली बातमी आहे." मग मार्च-एप्रिलमध्ये जिनिव्हाचा घड्याळांचा मेळावा होतो, रोलेक्स भलतंच काहीतरी काढतं आणि आतली बातमी देणारे पुढच्या फेब्रुवारीपर्यंत गप्प होतात.

मीही या खेळात तोंडावर आपटलेलो आहे. २०२३ मध्ये सबमरिनरला ७० वर्षं होत होती, म्हणजे काहीतरी खास येणारच, अशी मित्राशी पैज लावली होती. काहीही आलं नाही. आठ जणांना मिसळ खाऊ घातली, आणि त्यानंतर हे अंदाज नेमके कशावर बांधायचे असतात याचा जरा शिस्तीत विचार केला. नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी तो इथे पायरीपायरीने लिहितो. उदाहरण सबमरिनरचंच घेतो, कारण त्याचा इतिहास लांब आहे आणि अफवाही सर्वांत जास्त त्याच्याच उठतात. हिशेब २०२५ च्या मेळाव्यापर्यंतचा आहे.

पायरी १: आधी वंशावळ पाठ करा

पुढचं घड्याळ ओळखायचं तर मागची ओळखीची हवीत. सबमरिनर १९५३ चं, पाणबुड्यांसाठी, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं. सुरुवातीला १०० मीटर पाणी सोसायचं. काचेभोवतीचं फिरतं कडं म्हणजे बेझेल, पाण्याखाली किती मिनिटं झाली हे मोजायला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याला तारीख मिळाली आणि तारखेवरचं ते भिंगही. शुद्धतावादी मंडळी अजून त्या भिंगावर नाक मुरडतात. मला आवडतं, चाळिशीनंतर तुम्हालाही आवडेल.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस १६८०० या क्रमांकाचं मॉडेल आलं. प्लास्टिकच्या काचेऐवजी सहज ओरखडे न पडणारी सफायर काच, २०० ऐवजी ३०० मीटर, आणि तारीख पटकन बदलण्याची सोय. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस १६६१०, आत ३१३५ हे यंत्र. ते थेट २०१० पर्यंत टिकलं, म्हणजे वीस वर्षांहून जास्त. २०१० मध्ये ११६६१० आलं: बेझेलवर सिरॅमिक, खांदे (पट्टा जिथे जोडतात ते कोपरे) जाडजूड, आणि हातावर ब्रेसलेट थोडं थोडं सैल-घट्ट करता येईल असा उत्तम क्लास्प, म्हणजे ब्रेसलेटची कडी. मग १ सप्टेंबर २०२० ला १२६६१०. आकार ४० चा ४१ मिलिमीटर, खांदे पुन्हा सडपातळ, ब्रेसलेट २० ऐवजी २१ मिलिमीटर रुंद, आणि आत ३२३५. हे यंत्र पूर्ण चावी बसल्यावर ७० तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना चालू मिळतं, हा रोजच्या वापरातला फरक.

आता यातून नवखा माणूस पहिली चूक काय करतो? २०१०, २०२०, म्हणजे पुढचं २०३०, असा पाढा म्हणतो. पण त्याआधीचं १६६१० वीस वर्षं टिकलं, आणि त्याच्याही आधीचं १६८०० जेमतेम दहा. कोणत्याही दोन ठिपक्यांतून रेघ काढता येते. माझाही अंदाज २०३० च्या आसपासचाच आहे, पण त्याचं कारण वेगळं. ते तिसऱ्या पायरीत.

वंशावळीतून शिकायची खरी गोष्ट वेगळी आहे: हे घड्याळ दुरून पाहिलं तर सत्तर वर्षांत फारसं बदललेलं नाही. ज्या अफवेत डायलचा चेहराच बदललेला असतो, ती तिथेच सोडून द्या.

पायरी २: नंबर वाचायला शिका

प्रत्येक रोलेक्सला एक संदर्भ क्रमांक असतो. काळ्या बेझेलच्या तारीखवाल्या स्टीलच्या सबमरिनरचा १२६६१०एलएन. यातला शेवटचा आकडा धातू सांगतो. ० म्हणजे स्टील, ३ म्हणजे स्टील आणि पिवळं सोनं, ८ म्हणजे पूर्ण पिवळं सोनं, ९ म्हणजे पांढरं सोनं. टायटॅनियमला ७ मिळालाय: २०२२ चं डीपसी चॅलेंज १२६०६७ आणि २०२३ चं टायटॅनियमचं यॉट-मास्टर २२६६२७.

मागची अक्षरं फ्रेंच आहेत आणि बेझेलचा रंग सांगतात. 'एलएन' म्हणजे लुनेत न्वार, काळं बेझेल. 'एलव्ही' म्हणजे लुनेत व्हेर्त, हिरवं. 'एलबी' म्हणजे निळं. जीएमटी-मास्टर या रोलेक्सच्याच दुसऱ्या घड्याळाच्या दोन रंगांच्या बेझेलला चार अक्षरं: 'बीएलआरओ' म्हणजे निळं-लाल, 'बीएलएनआर' म्हणजे निळं-काळं.

याचा उपयोग काय? परवाच एकाने मला "१२६६१९ टायटॅनियम, लीक" म्हणून चित्र पाठवलं. ९ हा पांढऱ्या सोन्याचा आकडा आहे. कंपनीच्या रीतीने टायटॅनियमचं सबमरिनर आलं तर त्याच्या शेपटीला ७ असायला हवा. चित्र करणाऱ्याने सावल्या, ओरखडे, सगळं झकास केलं होतं, फक्त नंबर शिकायचा राहिला होता. शितावरून भाताची परीक्षा होते ती अशी.

पायरी ३: यंत्र कुठून कुठे सरकतं ते पाहा

बाकी सगळ्या पायऱ्या विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

रोलेक्स नवं यंत्र, म्हणजे कॅलिबर, एकदम सगळ्या घड्याळांत घालत नाही. आधी एका घड्याळात घालतं आणि मग वर्षावर्षाने पुढच्या घराकडे सरकतं, दिवाळीच्या फराळाचं ताट शेजारी फिरतं तसं. ३२३५ चा प्रवास पाहा. २०१५ मध्ये पर्लमास्टर ३९ मध्ये आलं, जे घड्याळ आपल्यापैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलेलंही नसेल. २०१६ मध्ये डेटजस्ट ४१. २०१७ मध्ये सी-ड्वेलर. २०१८ मध्ये डीपसी. २०१९ मध्ये यॉट-मास्टर ४०. आता २०२० च्या सुरुवातीला उभे राहून पाहा: पाणबुड्यांच्या घराण्यात जुनं ३१३५ घेऊन एकटं सबमरिनर उरलं होतं. त्या वर्षी ज्यांनी "यंदा सबमरिनर" म्हटलं त्यांना कोणी आतून फोन केला नव्हता. त्यांनी रांग मोजली होती.

त्यांचाही थोडा घोळ झाला, तो रांग चुकीची मोजल्यामुळे नव्हे, कोविडच्या साथीमुळे. बाझेलवर्ल्ड, म्हणजे त्या वेळचा घड्याळांचा मोठा मेळावा, रद्द झालं, वसंत ऋतू कोरडा गेला, "यंदा काही नाही" असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, आणि घड्याळ सप्टेंबरमध्ये आलं. अंदाज बरोबर, महिना चूक. असा अंदाज मी पास समजतो.

आता हीच रीत आजच्या प्रश्नाला लावू. १ एप्रिल २०२५ ला रोलेक्सने लँड-ड्वेलर हे पूर्ण नवं घड्याळ आणलं, आणि त्यात ७१३५ हे यंत्र. त्यात डायनापल्स नावाचं नवं एस्केपमेंट आहे. एस्केपमेंट म्हणजे चावीची ताकद एकदम सुटून न जाता टिक-टिक करत, मोजून मापून सोडणारा भाग. घड्याळाची टिकटिक तिथूनच येते. बहुतेक यांत्रिक घड्याळांत अजूनही जुन्या स्विस लिव्हर पद्धतीचीच कुठली ना कुठली आवृत्ती असते, ३२३५ मधलं क्रोनर्जीही तिचंच सुधारलेलं रूप. डायनापल्स ही वेगळी रचना आहे, तिचे भाग सिलिकॉनचे आहेत, त्यामुळे चुंबकाचा त्रास कमी. ठोके सेकंदाला ८ ऐवजी १०, म्हणून सेकंदकाटा अधिक गुळगुळीत सरकतो.

एवढी मेहनत घेऊन बनवलेली गोष्ट एकाच घड्याळासाठी ठेवतील का? मला नाही वाटत. फराळाचं ताट निघालंय. प्रश्न एवढाच की सबमरिनरच्या दारात केव्हा पोहोचतं. मागच्या वेळी पहिल्या घरापासून सबमरिनरपर्यंत पाच वर्षं लागली. तोच वेग धरला तर २०३०. माझा २०३० येतो तो असा, दहाच्या पाढ्यातून नव्हे. दोन्ही हिशेबांची उत्तरं जुळली म्हणून हुरळून मात्र जाऊ नका. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते कधीकधी.

इथे एक खाच आहे. ७१३५ हे सडपातळ घड्याळासाठीचं यंत्र आहे आणि ते ६६ तास चालतं. आजचं सबमरिनर ७० तास चालतं. नव्या सबमरिनरच्या माहितीपत्रकावर जुन्यापेक्षा लहान आकडा छापणं कोणत्याही कंपनीच्या जिवावर येईल. म्हणून माझं मत असं की ७१३५ जसंच्या तसं सबमरिनरमध्ये येणार नाही. तेच एस्केपमेंट घेऊन जरा ऐसपैस, जास्त तास चालणारं भावंड आधी कुठेतरी दिसेल. ज्या वर्षी असं यंत्र एखाद्या डेटजस्टमध्ये किंवा सी-ड्वेलरमध्ये दिसलं, त्या वर्षापासून सबमरिनरकडे डोळे लावून बसायचं. तोवर "यंदा नवं यंत्र" म्हणणाऱ्याला विचारायचं, रांगेत आधीचे कोण कोण झाले?

पायरी ४: आधी सोनं, मग स्टील

दुसरी सवय. नवी कला रोलेक्स बऱ्याचदा आधी महागड्या सोन्यात दाखवतं आणि स्टीलवाल्यांना थांबायला लावतं. सिरॅमिक बेझेल २००५ मध्ये सोन्याच्या जीएमटी-मास्टर टू वर आलं, स्टीलच्या जीएमटीवर २००७ मध्ये. सबमरिनरमध्ये २००८ ला सोन्यावर, २००९ ला सोनं-स्टीलवर, २०१० ला स्टीलवर. जिना उतरल्यासारखं. लाल-निळं सिरॅमिक बेझेल, ज्याला सगळे पेप्सी म्हणतात, २०१४ मध्ये पांढऱ्या सोन्यावर आणि २०१८ मध्ये स्टीलवर.

म्हणून सोन्याच्या घड्याळांच्या बातम्या "आपल्याला काय करायचंय" म्हणून सोडू नका. तुमच्या स्टीलच्या घड्याळाची बातमी बऱ्याचदा तिथे दोन-चार वर्षं आधी येऊन बसलेली असते.

पण ही सवय उलट्या बाजूनेही वाचायची. स्टीलचं निळं सबमरिनर, म्हणजे १२६६१०एलबी, दरवर्षी भाकितात असतं. आजघडीला निळं बेझेल सोनं-स्टील, पिवळं सोनं आणि पांढरं सोनं यांनाच आहे. पांढरं सोनं आणि स्टील दुरून सारखेच दिसतात. निळं बेझेल हीच पांढऱ्या सोन्याच्या सबमरिनरची ओळख. तो रंग स्टीलला दिला तर एवढे पैसे मोजून ते पांढरं सोनं घेणार कोण? स्वतःच्या महाग मालाच्या पोटावर पाय देईल अशी भाकितं मी खालच्या कप्प्यात टाकतो. २०१८ ला स्टीलची पेप्सी आली तेव्हा पांढऱ्या सोन्याच्या पेप्सीला त्यांनी निळी डायल दिली, म्हणजे दोन्ही वेगळी दिसतील याची सोय आधी केली. पांढऱ्या सोन्याच्या सबमरिनरचं रूप बदलताना दिसलं तर मात्र स्टीलच्या निळ्याची शक्यता मी वर उचलेन.

पायरी ५: वाढदिवसाला भुलू नका

मिसळीच्या पैजेची हीच जागा. २००३ मध्ये सबमरिनर पन्नास वर्षांचं झालं तेव्हा हिरव्या बेझेलचं १६६१०एलव्ही आलं, लाडाचं नाव कर्मिट. तेवढ्या एका अनुभवावर आख्खी पिढी वाढदिवस मोजत बसली आहे. २०१३ ला साठ झाली, सबमरिनरला काही नाही. २०२३ ला सत्तर झाली, काही नाही. त्या वर्षी नवं रूप मिळालं ते डेटोनाला, आणि मिलगॉस तर यादीतूनच गेलं.

बाकीच्यांचंही तसंच. २०२१ मध्ये एक्सप्लोरर टू पन्नासचं झालं. लोकांना सिरॅमिक बेझेल हवं होतं, मिळालं ते नवं यंत्र आणि डोळ्यात भिंग घालून शोधावे लागतील असे बारीक बदल. २०२५ मध्ये जीएमटी-मास्टर सत्तर वर्षांचं झालं आणि काळ्या-लाल बेझेलच्या 'कोक'ची वाट पाहणारे तसेच राहिले. गंमत म्हणजे काळं आणि गडद लाल बेझेल २०२४ मध्ये आलं होतं, पण ट्यूडरच्या ब्लॅक बे ५८ जीएमटीवर. ट्यूडर हे त्याच घरातलं धाकटं भावंड. नवस एका देवळात केला, प्रसाद शेजारच्या देवळात.

२०२८ ला सबमरिनर पंचाहत्तरचं होईल. अमृतमहोत्सव! भाकितांचा पूर येईल. तेव्हा हा परिच्छेद आठवा.

पायरी ६: नोंदवह्या चाळा

घरबसल्या करता येईल असं खरं संशोधन हे एवढंच, आणि ते करणारे मात्र फार थोडे. पेटंट आणि व्यापारचिन्हांच्या नोंदी सर्वांना खुल्या असतात. लँड-ड्वेलर हे नाव रोलेक्सने नोंदवल्याचं घड्याळ येण्याच्या कितीतरी आधी जागरूक लोकांनी शोधून काढलं होतं. तेव्हा बऱ्याच जणांनी ते हसण्यावारी नेलं. जमिनीवर राहणाऱ्याला घड्याळ कशाला, वगैरे.

पेटंटचं जरा सांभाळून. अर्ज केल्यापासून तो प्रसिद्ध होईपर्यंत साधारण १८ महिने जातात, आणि कंपन्या वापरायच्या नसलेल्या कल्पनाही अडवून ठेवायला पेटंट घेतात. म्हणून पेटंटवरून "काय करता येतं" ते कळतं, "केव्हा येणार" ते नाही.

पायरी ७: फोटोची उलटतपासणी

रोलेक्सच्या अधिकृत चित्रांत काटे १० वाजून १० मिनिटं आणि ३१ सेकंदांवर असतात, तारीख २८. कंपनीचं म्हणून फिरणाऱ्या चित्रात तारीख ७ आणि वेळ पावणेचार असेल तर ते कंपनीचं नाही. मग डायलच्या तळाशी, सहाच्या खाली पाहा. ३२ ने सुरू होणाऱ्या यंत्रांच्या घड्याळांवर 'स्विस' आणि 'मेड' या दोन शब्दांच्या मध्ये इवलासा मुकुट असतो. नव्या म्हणून दाखवलेल्या सबमरिनरवर तो नसेल, तर कोणीतरी जुन्या घड्याळाच्या फोटोवर रंगकाम केलंय.

हल्ली एआयला सांगून चित्रं काढून घेतात, त्यात अक्षरं आणि मिनिटांच्या रेषा घसरतात. बेझेलवरचे पहिल्या पंधरा मिनिटांचे ठसे मोजा. तेरा भरले की हसा आणि पुढे जा.

अस्सल फुटलेली बातमी फार उशिरा येते. २०२५ मध्ये लँड-ड्वेलर सर्वांना दिसलं ते मेळाव्याच्या ऐन तोंडावर, रॉजर फेडररच्या मनगटावर, त्याने स्वतः टाकलेल्या फोटोत. फेडरर रोलेक्सचा जुना चेहरा; ती चूक होती की ठरवून केलेली होती यावर अजून वाद घालता येतो. पण ध्यानात घ्या, जानेवारी-फेब्रुवारीत अस्सल फोटो क्वचितच असतात. दुकानदारांनाही आधी काही कळवत नाहीत. "आमच्या डीलरने सांगितलं" हे वाक्य ऐकलं की मी चहा मागवतो.

पायरी ८: तारखा

मुख्य दिवस म्हणजे वॉचेस अँड वंडर्स या जिनिव्हाच्या मेळाव्याचा पहिला दिवस, तिथल्या पॅलेक्सपो या प्रदर्शन केंद्रात. २०२३ ला २७ मार्च, २०२४ ला ९ एप्रिल, २०२५ ला १ एप्रिल. सकाळी संकेतस्थळ बदलतं. नवं काय आलं हे सगळेच पाहतात. तुम्ही काय गेलं ते पाहा. बंद झालेल्या घड्याळाची घोषणा होत नाही, ते यादीतून गुपचूप नाहीसं होतं. म्हणून आदल्या रात्री यादी साठवून ठेवा आणि सकाळी ताडून पाहा.

अधूनमधून मेळाव्याबाहेरही माल येतो, जसं नोव्हेंबर २०२२ चं डीपसी चॅलेंज किंवा जून २०२३ चं ल माँ डेटोना.

पायरी ९: खिशाला हात घालण्याआधी

आता खरी गोष्ट. अफवा फुकट नसते, तिची किंमत कोणीतरी मोजतं, आणि ते बहुधा नवखं गिऱ्हाईक असतं.

स्टीलची पेप्सी बंद होणार अशी आवई कित्येक वर्षं प्रत्येक वसंतात उठली. २०२४ गेलं, २०२५ गेलं, दोन्ही वेळा मेळाव्यानंतर ती यादीत होतीच. पण दरवेळी मार्चमध्ये जुन्या मालाच्या बाजारात सांगायचे भाव चढतात, आणि "साहेब, हे आता मिळणार नाही" हे वाक्य ऐकून कोणीतरी पैसे सोडतो. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशातला प्रकार. फक्त इथे भटाने आगाऊ रक्कमही दिलेली असते.

उलट बाजूही खरी आहे. २०२० मध्ये हिरव्या डायलचं 'हल्क' बंद झालं तेव्हा त्याचे भाव घसरले नाहीत, वाढले. नवा फोन आला की जुना पडतो, तसं या घड्याळांचं होत नाही. म्हणजे "नवं येईल म्हणून जुनं घ्यायचं थांबतो" हे कारण फारसं पटणारं नाही, आणि "बंद होईल म्हणून आजच घेतो" हेही नाही. ज्यांनी २०२२ च्या सुरुवातीला, भाव शिखरावर असताना, चढत्या भावाच्या आशेने घेतलं, त्यांना पुढची वर्षं घड्याळाकडे बघून वेळ सोडून सगळं आठवत होतं.

तुम्हाला हवं असलेलं घड्याळ आज यादीत असेल तर अधिकृत दुकानात नाव द्या. रांग कशी चालते हे कोणी सांगणार नाही. विनम्रपणे, एकच मॉडेल नेमकं सांगा आणि अधूनमधून चौकशी करा. नवं आलं तर त्यासाठी नाव बदलता येतं का, तेही आधीच विचारून ठेवा. जुनं घेणार असाल तर पेटी, कागद आणि हमीपत्रावरची तारीख बघा. जुलै २०१५ पासून विकलेल्या रोलेक्सना पाच वर्षांची हमी आहे आणि ती त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे.

भारतात घेणाऱ्यांसाठी थोडं कागदी काम. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदाराला घेता येत नाही. "रोखीत थोडं कमी करतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर दुकानदार एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर, गोळा करतो. तो बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो, पण पावती जपून ठेवा. दुबईहून किंवा सिंगापूरहून भाच्याकरवी मागवणार असाल तर हातात घालून आणलं म्हणून जकात चुकत नाही. विमानतळावर ते जाहीर करायचं असतं. मुलाला, भाच्याला या भानगडीत टाकू नका.

आणखी एक भाकित सध्या भारतात चालू आहे: "थांबा, स्विस घड्याळं स्वस्त होणार." याला आधार आहे. स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या एफ्टा गटाशी भारताचा करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि त्यात स्विस घड्याळांवरची आयात जकात टप्प्याटप्प्याने कमी व्हायची आहे. पण अलीकडच्या वर्षांत रोलेक्सचे भाव बहुतेकदा १ जानेवारीला वाढत आलेत. एका हाताने जकात उतरणार, दुसऱ्या हाताने मूळ भाव चढणार. यातून तुमच्या बिलावर किती उरेल, हे प्रत्येक जानेवारीत दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा.

पायरी १०: वही

शेवटी एक साधी वही करा. भाकित, ते का वाटतं, आणि तारीख. मेळावा झाला की बरोबर-चूक लिहा. दोन वर्षांत कळतं की आपण कुठे वाहवत जातो. मी वाढदिवसांत वाहवत जात होतो. माझा मित्र रंगांत जातो, दरवर्षी त्याला निळं हवं असतं.

माझ्या वहीत सध्या सबमरिनरच्या पानावर तीन ओळी आहेत. डायनापल्स घेतलेलं सबमरिनर: २०३० च्या आसपास, त्याआधी दुसऱ्या घड्याळात ७० तास किंवा जास्त चालणारं भावंड दिसलं तरच. टायटॅनियम, नंबर १२६६१७: जमू शकतं, यंत्राच्या आधीही. स्टीलचं निळं: नाही. मित्राने तिसऱ्या ओळीवर पैज लावली आहे. यंदा मिसळीसोबत ताकही ठरलंय.